चिंधी बांधलेला कॅन

माझ्या नवऱ्याला माझ्या सगळ्या खोड्या पाठ आहेत — ही एक सोडून. दादाला ठाऊक नाही, आप्पांना शेवटपर्यंत कळली नाही, आणि माझ्या गॅरेजात शिकून गेलेल्यांपैकी एकालाही तिचा वास आलेला नाही. इतकी वर्षं ती मी इंजिनासारखी जपली आहे — कोरडी, झाकून, गंज चढू न देता. आज तुम्हाला सांगते. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच.

पण आधी एक सांगून टाकते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मला इंजिनातलं कळतं. हे मी नम्रपणे वगैरे सांगणार नाही — कळतं म्हणजे कळतं. टू-स्ट्रोक गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की घरात पोळ्या लाटता लाटता मी सांगू शकते, हिचा सायलेन्सर कार्बनने तुंबलाय का ठिणगीचे पॉइंट गेलेत. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणाल, तर म्हणा. पण मखमलाबादपासून पंचवटीपर्यंत लोक स्वतःची गाडी स्वतः ढकलत माझ्याकडे आणतात, ते काही माझ्या हातचा चहा प्यायला नाही.

हे शिकवलं कोणी? तिथेच तर सगळं आहे.

नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. मखमलाबादला आमचा मळा — गुलाब, मेथी, कोथिंबीर. मी बावीस-तेवीसची. माझ्या थोरल्या भावाला, दादाला, एक वेड लागलेलं. त्याने जुनी शंभर सीसीची टू-स्ट्रोक गाडी घेतली, तिचे मडगार्ड, दिवे, साइड कव्हर काढून टाकली, सायलेन्सर वर बांधला, मागचं दातेरी चक्र मोठं बसवलं, आणि ती घेऊन तो खडकांवर चढायला लागला. या खेळात वेगाचं काम नसतं. दगडांवरून, घळीतून, उभ्या चढावरून गाडी न्यायची — पाय जमिनीला न लावता. पाय टेकला की गुण गेला. आमचे वडील, आप्पा, म्हणायचे, "चांगला रस्ता असताना दगडावरून जायचं, याला खेळ म्हणतात होय?"

गाडी दादा चालवायचा, पण ती चालती ठेवायचे मी. गुलाबाच्या जुड्या बांधायची आमची पडवी होती, तिच्या एका कोपऱ्यात माझं दुकान. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात सायलेन्सरची नळी बुडवून कार्बन काढायचा. काचकागदाने पॉइंट घासायचे. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची पॅकिंग कापायची — आमच्या गाडीत किती जणांची लग्नं लागून गेली, देव जाणे! आणि आजूबाजूचे लोक? ते बघायला यायचे. पोरीच्या जातीने गाडी उघडलीय म्हटल्यावर कुंपणाशी उभं राहायला कुणाला आवडत नाही? बंद पडली की हसायला तयार. मी त्यांना ती संधी दिली नाही. एकदाच सोडून.

मला शिकवलं काशिनाथकाकांनी. ते सुरगाण्याकडचे. घरचं भात काढून झालं की आमच्याकडे मळ्यात कामाला यायचे आणि पावसाच्या तोंडावर परत जायचे, नागलीच्या पेरणीला. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं, पण तिकडे डोंगरात जीप बंद पडली की ड्रायव्हर त्यांना शेतातून बोलावून न्यायचे. आमचा पाठीवरचा फवारणीचा पंपही टू-स्ट्रोकच. त्याच्यावर त्यांनी मला पहिला धडा दिला. "ताई, पिलग काढून बघ. वला असंल तं करंट नाय, कोरडा असंल तं पेट्रोल नाय. आधी बघायचं, मंग बोलायचं." मी आजही माझ्या माणसांना हेच सांगते. माझंच वाक्य असल्यासारखं.

त्यांची आणखी एक रीत होती. टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं, हे तुम्हाला माहीत असेल. त्या गाडीला तेलाची वेगळी टाकी नव्हती. तेल पेट्रोलमधूनच जायचं. ते नसेल तर पिस्टन कोरडा घासतो, तापतो आणि चिकटतो. आता पत्र्याच्या कॅनमध्ये तेल घातलंय की नाही, बाहेरून कसं कळणार? म्हणून काकांनी नियम घातला. तेल घालायचं, कॅन हलवायचा, आणि मग त्याच्या कडीला चिंधी बांधायची. चिंधी असेल तर तेल आहे. नसेल तर नाही. आमच्या मळ्यात चिंधीला कुणी प्रश्न विचारत नसे.

शर्यत रविवारी होती, म्हसरूळच्या पलीकडे एका बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत. जिल्ह्याबाहेरूनही गाड्या येणार होत्या. शनिवारी रात्री मी टाकी पूर्ण रिकामी करून धुतली, आतला गंज काढला. त्याआधी संध्याकाळी काकांनी कार्बोरेटरचा हवेचा स्क्रू पाव फेरा फिरवला होता. कान लावून, डोळे मिटून. गाडी किती गोड चालली म्हणून सांगू! मी स्वतः म्हटलं, "काका, आता हात नका लावू, इथेच राहू द्या."

रविवारी सकाळी मी कॅनमध्ये ताजं पेट्रोल ओतलं. कुंपणाशी चार-पाच जण होतेच. त्यांच्यात आमच्या शेजारच्या मामी — "काय गं, सासरी गेल्यावर हीच भांडी घासणार का?" मी त्यांना उत्तर देत होते. फार छान उत्तर देत होते, सगळे हसत होते. आणि बोलता बोलता माझ्या हातांनी काय केलं? कॅनच्या कडीला चिंधी बांधली. आधी चिंधी. तेलाचं माप आत राहिलं होतं — खोकल्याच्या औषधाच्या बाटलीबरोबर मिळतं ते. ते आणायला मी वळले, तेवढ्यात आईने चहाला हाक मारली. चहा घेऊन आले तर कॅनला चिंधी. म्हणजे झालं. मी टाकी भरली.

चूक कुणाच्याही हातून होते. मी इथे चूक कबूल करायला बसलेली नाही. चूक मी केव्हाच माफ केलीय स्वतःला. पुढचं ऐका.

खाणीत दादाने पहिले तीन टप्पे एकदाही पाय न टेकवता काढले. चौथ्याच्या आधी तो माझ्या समोरून गेला, तेव्हा माझ्या लक्षात आलं — धूर नाही. टू-स्ट्रोकला तो निळसर धूर असतोच. आणि माझ्या मनात काय आलं असेल? मला अभिमान वाटला! बाजूच्या माणसाला मी म्हटलं, "बघा, कशी स्वच्छ जळतेय." स्वतःच्या हुशारीवर इतका भरवसा असला की डोळ्यासमोरचंही उलटं दिसतं.

चौथा टप्पा उभा चढ होता. अर्ध्यावर गाडीने एक कर्कश आवाज केला आणि मागचं चाक जागच्या जागी थांबलं. दादा गाडीसकट मागे कोसळला. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. तो ओरडला नाही, नुसता हात धरून बसला, आणि मला त्या बसण्याची अजून भीती वाटते.

त्याला दवाखान्यात नेलं. आम्ही गाडी टेम्पोत घालून घरी आणली. पडवीत मी प्लग काढला. पांढराफट. त्या क्षणी मला सगळं कळलं — चिंधी, चहा, माप. आप्पा समोर उभे, कुंपणाशी सकाळचेच लोक, मामी सुद्धा. आणि काशिनाथकाका माझ्या शेजारी उकिडवे बसलेले. आप्पांनी विचारलं, "काय झालं? कशानं झालं?"

आधी बघायचं, मग बोलायचं. मी बघितलं होतं. आणि मी बोलले, "हवा जास्त झाली. काल काकांनी स्क्रू फिरवला होता."

किती बेमालूम खोटं होतं ते! हवा जास्त झाली तरी प्लग पांढराच पडतो, पिस्टन चिकटू शकतो. कुणाही मिस्त्रीला विचारा, तो मान डोलवेल. अडाणी माणसाला असं खोटं जमलं नसतं. त्याला विद्या लागते, आणि ती मला त्यांनीच दिली होती. गुरूची विद्या गुरूलाच, म्हणतात ना? मी का बोलले तसं? मामींमुळे? बाईच्या हातची गाडी असं लोक म्हणतील म्हणून? हो, हे मनात होतं. पण दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायला मला कोणी सांगितलं नव्हतं.

काकांनी कॅनकडे पाहिलं. चिंधी होती. त्यांनी तो उघडला नाही, हुंगला नाही. त्यांच्याच नियमाप्रमाणे तिकडे बघायचं कारणच नव्हतं. ते स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. आप्पा म्हणाले, "काशिनाथ, तुझ्या हातानं माझ्या पोराचा हात गेला रे." ते म्हणाले, "व्हय आप्पा." एवढंच.

मग सगळे दवाखान्यात गेले, आणि मी उरलेल्या पेट्रोलमध्ये मोजून तेल घातलं. कॅन हलवला. चिंधी होतीच. हे सांगताना आत्ता, या वयातही, माझे कान तापतात.

त्या मोसमात काकांनी नुसती निंदणी केली. इंजिनाकडे फिरकले नाहीत. पुढच्या वर्षी ते आमच्याकडे आलेच नाहीत. दिंडोरीकडे द्राक्षबागेत जातात असं कानावर आलं. मी सिलिंडर बोअर करून आणला, नवा पिस्टन बसवला, आणि दीड वर्षाने दादा ताठरलेल्या मनगटाने त्याच खाणीत पहिला आला. माझं नाव झालं. नावामागे गॅरेज आलं. मी खूश होते — खोटं कशाला बोलू? बरेच दिवस मला काका आठवायचेही नाहीत.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. आम्ही घरचे सगळे गडावरून देवीचं दर्शन घेऊन येताना वणीला चहाला थांबलो. समोर जीपचा थांबा. सुरगाण्याची जीप खचाखच भरलेली आणि चालू होत नव्हती. ड्रायव्हर घामाघूम. बाजूला काशिनाथकाका उभे, केस पांढरे, सोबत सून. मला पाहून त्यांचा चेहरा असा फुलला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. "ताई! दादाचा हात बरा हाय ना?" पहिला प्रश्न हाच.

मी हो म्हटलं. मग काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "काका, बघा की जीपचं काय झालंय."

त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. "नाय ताई. हात लावत नाय मी आता. दादाचं झालं तवापास्नं नाय. आपल्याला वाटतं येतं, आन् येत नसतं. तू बोल्लीस म्हून कळलं तरी, नायतं आजून कुणाचा तरी जीव घेतला असता मी." आणि मग हळूच, मला एकटीला ऐकू जाईल असं, "डिझलात हवा धरली असंल. पन तूच बघ."

मी बॉनेट उघडलं. नळीचा नट सैल केला, हातपंप मारला, फेस आला. हवाच धरली होती. जीप चालू झाली, आतल्या लोकांनी ओरडून आनंद केला. काका सुनेला सांगत होते, "बघ, हिला मी शिकवलं व्हतं. आवाजावरून सांगती. हिचं निदान कंदी चुकत नाय."

तेव्हा सांगता आलं असतं. तो माणूस हातभर अंतरावर होता. एका वाक्याचं काम होतं, आणि मला बोलायला कधी शब्द कमी पडले आहेत का? मी हात पुसले. त्यांच्या पाया पडले. लोकांना वाटलं, काय संस्कार आहेत! ते जीपमध्ये बसले आणि गेले. काही वर्षांनी तिकडून आलेल्या मजुरांकडून कळलं, काका वारले.

आता एकच राहिलं. दादाने जिंकलेल्या त्या शर्यतीआधी मी तो कार्बोरेटर लावत होते. हवेचा स्क्रू आत घेतला, बाहेर काढला, पाव-पाव फेऱ्याने सगळीकडे फिरवून पाहिला. गाडी कुठेच मनासारखी चालेना. शेवटी तो काकांनी लावला होता बरोबर तिथे आणला, आणि तिथेच राहू दिला.