अंगठा दाबला की पक्कं

रुमालमामांनी उभ्या आयुष्यात आकडा म्हणून तोंडानं उच्चारला नाही. वसमतच्या मोंढ्यात, म्हणजे तिथल्या घाऊक बाजारात, हळदीच्या सौद्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. जुन्या रिवाजाप्रमाणे तिथं भाव बोलायचा नसतो. घेणाऱ्या-देणाऱ्यानं हातात हात घ्यायचा, वरून रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून भाव सांगायचा. एक बोट धरलं की एक, सगळा पंजा धरला की पाच, पंजा सोडून पुन्हा एक बोट धरलं की सहा. ते शंभर की हजार, हे ज्याचं त्यानं ओळखायचं. आता तिथंही सौदे मोबाईलवर होतात, पण मामांची सवय सुटली नाही. डॉक्टरांनी वय विचारलं तरी हे खांद्यावरचा रुमाल काढायचे. एसटीत कंडक्टरनं "किती तिकिटं?" म्हटलं की त्याचा हात धरायचे. नवा कंडक्टर असला तर बिचारा घाबरून हात मागं घ्यायचा.

असा माणूस आमच्या फुटबॉल संघाचा मॅनेजर होता. मोंढ्यामागच्या मैदानावर आम्ही खेळायचो म्हणून आमचं नाव मोंढा संघ. हंगामात त्याच मैदानाच्या कडेला शिजवलेली हळद वाळत पडलेली असायची. नवा पांढरा चेंडू आठ दिवसांत पिवळा व्हायचा आणि आमचे मोजेही. बाहेरगावचे संघ आम्हाला "हळदीचे नवरदेव" म्हणून चिडवत. मामांना त्याचं कोण कौतुक! म्हणायचे, "चिडवू द्या की. नवरदेवाकडंच सगळे बघून राहतेत."

मामांना फुटबॉलमधलं काय कळत होतं, हा प्रश्न मी कर्णधार असूनही त्यांना कधी विचारला नाही. ऑफसाईड त्यांना शेवटपर्यंत समजला नाही. पण माणूस कळायचा. कोण सरावाला उपाशी आलाय, कोणाचं घरी भांडण झालंय, कोणाच्या मनात दुसरा संघ घोळतोय, हे त्यांना चेंडूला पाय लागायच्या आधी कळायचं. हळदीचं कांडं मोडून आतला रंग बघतात, तसे ते पोराकडं बघायचे. आम्ही आपले उगाच तोंड लपवत फिरायचो.

संघात मी गोलरक्षक. शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे, पण शाळेत पाय ठेवणारा प्रत्येक जण गावाला मास्तरच वाटतो, त्यामुळं मीही मास्तर. मागं शिरड शहापूरचा नामदेव. तो एकदा उभा राहिला की बैलजोडी लावूनच हलवावा लागेल. आणि पुढं पुसेगावचा बंडू. बंडूच्या पायात चेंडू आला की समोरचे तिघं एकमेकांवर आदळायचे आणि हा पलीकडं हसत उभा. आम्ही तिघं म्हणजे संघाचा कणा, असं लोक म्हणायचे. मामा म्हणायचे, "कणा येगळायेगळा नसतो, मास्तर. तुमी समदे मिळून कणा."

तर त्या वर्षी जिल्ह्याच्या स्पर्धेत नवा नियम आला. हिंगोलीचा एक बडा संघ दरवर्षी सगळीकडचे चांगले खेळाडू पैशाच्या जोरावर उचलून न्यायचा. त्याला आळा म्हणून आयोजकांनी ठरवलं की एका संघानं सगळ्या खेळाडूंना मिळून हंगामाला साठ हजारांच्या वर मानधन द्यायचं नाही. एक रुपया वर गेला तरी संघ बाद. यादीवर मॅनेजर आणि कर्णधाराची सही, आणि ती ठरलेल्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत हिंगोलीला पोचली पाहिजे. गंमत अशी की बड्या संघानं बाकी सगळ्यांना देताना हात आखडता घेऊन एकट्या बंडूवर डोळा ठेवला. नियमात बसून त्यांना बंडूला भरपूर देता येत होतं. आमच्याकडं मात्र अठरा तोंडं आणि साठ हजार.

मामांनी कामाला सुरुवात केली ती शेवटच्या दोन राखीव पोरांपासून. आमचे अध्यक्ष, सिमेंटच्या दुकानाचे मालक, वैतागले. "अहो, आधी बंडूला पक्का करा. राखीव पोरं काय, हाक मारली की येतील." मामा म्हणाले, "सायेब, लहानाचं आधी बांधून ठेवावं. मंग मोठ्याला देताना हात तिकडं जात न्हाई." एकेकाकडं ते स्वतः गेले. चहा घेतला, घरच्यांची चौकशी केली, उठता उठता रुमाल टाकला. कोणाचा भाव कोणाला कळला नाही. त्याबद्दल त्यांचं ठाम मत होतं: "दुसऱ्याचा आकडा डोक्यात शिरला की पायातला चेंडू जातो." माझ्या हाताचा त्यांनी पंजा आणि मग दोन बोटं धरली. सात. शेवटी अंगठा दाबला. मोंढ्यात अंगठा दाबला म्हणजे पक्कं.

पुसेगावला ते सगळ्यात शेवटी गेले. बंडूचे वडील जनावरांच्या बाजारातले दलाल. खरेदी-विक्रीत मुरलेला माणूस. मामा गोठ्यापाशी बसले, म्हशींचं कौतुक केलं, पैशाचा विषयच काढला नाही. निघताना बंडूच्या हातावर रुमाल टाकला. पंजा, एक बोट, आणि अंगठा. बंडूनं वडिलांकडं पाहिलं आणि मान हलवली. एका झटक्यात! मामा येताना पेढे घेऊन आले. आम्हाला वाटताना म्हणाले, "हिंगोलीवाले मोटारीतून गेलते. मी एसटीनं गेलो अन् घेऊन आलो." त्या दिवशी त्यांची मान अशी ताठ होती की रुमाल खांद्यावरून घसरतो की काय असं वाटावं.

यादी द्यायच्या दिवशी सकाळी सगळे मैदानावरच्या पत्र्याच्या खोलीत जमले. प्रत्येकानं आपल्या फॉर्मवर आपला आकडा लिहून, घडी घालून मामांना द्यायचा, असं ठरलं होतं. सगळे देऊन चहाला गेले. आत मामा, अध्यक्ष, सहीसाठी मी, आणि बंडू नि त्याचे वडील राहिले. अध्यक्षांनी बेरीज केली, पुन्हा केली आणि कपाळाला हात लावला. बासष्ट हजार. एकेक फॉर्म पुन्हा पाहिला तर बंडूच्या फॉर्मवर आठ हजार.

"काहून रे बंडू, आठ?" मामांच्या तोंडून मी ऐकलेला तो पहिला आणि शेवटचा आकडा.

उत्तर वडिलांनी दिलं. "मामा, पंजा अन् एक बोट धरलं का न्हाई तुमी?"

"व्हय. धरलं."

"वरून अंगठा दाबला का?"

"दाबला की."

"मंग? सहा अन् वर दोन. आमच्या बाजारात अंगठा म्हंजी वर दोन."

मोंढ्यात पक्कं, आणि बारा गावांपलीकडं जनावरांच्या बाजारात तोच अंगठा दोन! चाळीस वर्षं बोटांवर जगलेला माणूस एका अंगठ्यानं फसला होता. बंडूचे वडील खोटं बोलत नव्हते, हे त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. ते म्हणाले, "तकलीफ असंल तर सांगा मामा. पण आमी तिकडल्या मोठ्या रकमेला नको म्हनलं, ते ह्या आठावर."

मामांनी फॉर्मची घडी पुन्हा नीट घातली. "बराबर हाय तुमचं. हात माझा व्हता. जावा, चहा घ्या."

ते दोघं गेल्यावर अध्यक्ष खाली आवाजात म्हणाले, "सोपं आहे. कागदावर सहा लिहू. वरचे दोन मी खिशातून देतो. रुमालाखाली द्या, म्हणजे झालं. कोणाला कळणार आहे?"

मामा एरवी अध्यक्षांसमोर चढ्या आवाजात बोलत नसत. त्या दिवशी बोलले. "सायेब, रुमालाखाली भाव झाकत असतेत. लबाडी न्हाई."

"मग राखीव पोरांचे हजार-हजार कापा."

"ते आधी बांधलेत. काहून बांधलेत, ते आता तुमाला कळलं असंल." एवढं बोलून ते बाहेर गेले आणि भिंतीच्या सावलीत बसले.

खरं सांगतो, मला राग आला होता. मामांचाही, बंडूचाही. कारण हिशोब मला दिसत होता. कणा तिघांचा, मोठे आकडेही तिघांचेच. नामदेवचं घर त्या मानधनावर डोळे लावून बसलेलं. राहिलो मी, नोकरीवाला. माझ्या सातातले दोन गेले की यादी साठावर बसत होती. आणि ते सात मी मनातल्या मनात कधीच खर्च करून टाकले होते. बायको अंगणवाडीत चार किलोमीटर पायी जाते, तिच्यासाठी जुनी स्कूटी बघून ठेवली होती. मला वाटलं, आता मामा येतील, पाठीवर हात ठेवतील, "मास्तर, तूच समजूतदार" म्हणतील. समजूतदार म्हणवून घ्यायचं म्हणजे खिशाला चाट, हे आयुष्यात बरेचदा अनुभवलंय. मी उत्तर तयार करून ठेवलं होतं.

मामा आलेच नाहीत. अकरा वाजले, बारा वाजले. हिंगोलीची गाडी एकला. मामा भिंतीशी बसून मैदानाकडं बघत राहिले. शेवटी मीच गेलो. म्हणालो, "मामा, माझ्याकडं का नाही आलात?"

"तुझा अंगठा दाबलाय मी," ते म्हणाले. "मी कोन्या तोंडानं येऊ?"

संघ बाद झाला असता तरी हा माणूस माझ्याकडं आला नसता! माझं तयार उत्तर तसंच राहिलं. मी त्यांच्या खांद्यावरचा रुमाल ओढला, त्यांच्या हातावर टाकला आणि आत हात घातला. मी तीन बोटं धरली. त्यांनी हात झटकला आणि माझा पंजा, वर दोन बोटं धरून सातच्या सात मोजून दिले. मी चार. त्यांनी सहा. असा उलटा सौदा वसमतच्या मोंढ्यानं पाहिला नसेल. विकणारा भाव पाडतोय आणि घेणारा चढवतोय. दोघंही तोंडानं गप्प. शेवटी मी पूर्ण पंजा धरला आणि सोडलाच नाही. बऱ्याच वेळानं त्यांचा अंगठा माझ्या अंगठ्यावर आला.

"मास्तर," ते म्हणाले, "ह्यो कोन्या बाजारातला अंगठा हाय?"

"मोंढ्यातला, मामा. पक्कं."

एकच्या गाडीनं यादी गेली. बरोब्बर साठ हजार. स्पर्धेत आम्ही अंतिम सामन्यापर्यंत पोचलो आणि हिंगोलीच्या त्याच संघाकडून एका गोलनं हरलो. तो गोल माझ्या हातातून सुटला, हेही लिहून टाकतो. नाहीतर मी फारच थोर वाटेन. परतीच्या गाडीत सगळे तोंडं पाडून बसलेले. मामा उठून उभे राहिले, दांडीला धरून म्हणाले, "हारलो तर हारलो. पन सगळे आपलेच व्हते ना? कोनी बी गेला न्हाई. हे हिंगोलीवाल्यायला जमलंय का?" हरलेल्या संघाचा मॅनेजर इतका ऐटीत वसमतला उतरलेला मी दुसरा पाहिला नाही.

पुढच्या वर्षी मामा पुसेगावला गेले तेव्हा बंडूनंच हात पुढं केला आणि म्हणाला, "मामा, अवंदा अंगठा नका दाबू." मामा हसले. "न दाबता पक्कं कसं व्हईल गड्या?" त्यावर त्याचे वडील म्हणाले, "दाबा तुमी. आमी मोंढ्याचा अंगठा धरू." पण मागचे दोन कुठून आले, ते बंडूला मामांनी सांगितलं नाही आणि मीही नाही. नंतरच्या पाच हंगामांत आमच्या संघातून एकही खेळाडू फुटला नाही. मोठमोठी आमिषं आली, लोक वेडी पोरं म्हणून हळहळले, हसले, पण पोरं हलली नाहीत. चषक एकदाच मिळाला. तो आजही सिमेंटच्या दुकानात गल्ल्याशेजारी आहे, आणि अध्यक्ष गिऱ्हाइकाला सिमेंटच्या आधी तो दाखवतात.

मामांची नजर अधू झाली तेव्हा मुलगा त्यांना पुण्याला न्यायला आला. बसस्थानकावर सगळा संघ जमला होता. मॅनेजरचं काम मामांनी माझ्या गळ्यात घातलं होतं. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून मी गोलमध्ये उभा राहत नव्हतो, म्हणजे सुटका नव्हतीच. गाडीत बसल्यावर त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि मला जवळ बोलावलं. रुमाल टाकला. आत त्यांनी माझी दोन बोटं धरली आणि घट्ट दाबली.

मला आधी कळेना. दोन काय? दोनशे? दोन वर्षं? मग कळलं. सात वर्षांत त्या दोन हजारांबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. मला वाटलं होतं, विसरले. त्यांच्या दुसऱ्या हातात पाकीट होतं.

मी ती दोन बोटं त्यांच्या हातातून सोडवली आणि त्यांची मूठ मिटवली. त्यांनी पुन्हा दोन धरली. मी पुन्हा मिटवली.

"अजून बी उलटाच सौदा करून राहिला का रे मास्तर?" मामा म्हणाले आणि खिडकीतून सगळ्यांना ऐकू जाईल असे हसले. मी त्यांचा अंगठा दाबला.

गाडी हलली तेव्हा रुमाल माझ्याच हातात राहिला. त्यांनी मागितला नाही, मी दिला नाही. या हंगामात पोरांकडं जाताना तो खांद्यावर घेतो. हळदीचा वास काही केल्या धुऊन जात नाही.