परतीच्या पाईपातलं भोक

“माझ्या आईच्या हातचे सोडे होते ते,” बायको ओरडत होती, आणि चौलमधल्या आमच्या दारात अख्खी आळी जमली होती. आवाज थेट रेवदंड्याला गेला असणार, खाडीतल्या होड्या हलल्या असणार. मी वाढवून सांगतो, सगळ्यांना माहीत आहे. मी सुरमई म्हणालो की ऐकणाऱ्याने बांगडा धरायचा. पण पुढचं जे आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — आणि त्यात थेंबभरही वाढवलेलं नाही.

हॉलमध्ये माझी माशांची टाकी. एवढी मोठी की पाहुण्यांना वाटायचं, हा आता आत माणूस सोडणार. घरघर ऐकू यायला नको म्हणून पाणी गाळायची दुसरी टाकी मागच्या खोलीत, जमिनीवर. भिंतीतून आरपार दोन पाईप — एकातून पाणी तिकडे उतरायचं, दुसऱ्यातून पंप ते परत वर ढकलायचा. हे सगळं बसवलं राजेशने, मनीषाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या भावाने. बर्फाच्या कारखान्यात पाईपांचं काम करतो, आणि बढाया मारण्यात माझा बाप. समुद्राला नळ बसवून देतो म्हणायचा.

परतीच्या पाईपाला त्याने पाण्याच्या पातळीलगत एक बारीक भोक पाडलं. लाईट गेली, पंप थांबला, की वरचं पाणी त्याच पाईपातून उलटं खाली ओढलं जातं. भोक हवा घेतं आणि ती ओढ तिथेच तुटते. “काय पण करा भावोजी, हे बुजवू नका,” असं बजावून गेला.

मग मी ते का बुजवलं? भोकातून बारीक धार उडायची, सुर्र आवाज यायचा. शेजारचे दामूकाका चारचौघांत म्हणाले, “तुझे मासे उभ्याने मुततात काय रे?” आळी हसली. मग जो येईल तो तेच विचारू लागला. बस — एवढंच. एवढ्यासाठी मी एम-सील मळलं, बोटाने भोकात दाबलं आणि गप्प बसलो.

मागच्या खोलीत आगोट भरलेली. पावसाळ्यात होड्या बंद, म्हणून आधीच भरून ठेवायचं ते सगळं — तांदूळ, मसाला, सुके बोंबील. आणि एका टोपलीत, कापडात बांधलेले सोडे. सासूबाईंनी अंगणात बसून एकेक कोलंबी सोलून वाळवलेली, आणि थोड्याच दिवसांत त्या गेल्या. मनीषा ते सोडे शिजवत नव्हती. गाठ सोडायची, वास घ्यायची, परत बांधायची.

आम्ही हळदीला गेलो आणि इकडे लाईट गेली. परत आलो तर हॉलची टाकी तळाला, मासे आडवे, मागच्या खोलीत घोटाभर पाणी. सोड्यांचा लगदा.

कसं झालं, तिने विचारलं. आणि मी — श्वाससुद्धा न घेता — म्हणालो, “भावाला विचार तुझ्या. त्यानेच जोडलंय.”

तिने त्याला बोलावून घेतलं आणि आळीदेखत धुतलं. आईचं एवढंच उरलं होतं, तेही तुझ्या हाताने गेलं, म्हणाली. राजेश टाकीत वाकला. पाईपावरून बोट फिरवलं. बोट थांबलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी दामूकाकांकडे.

“माझंच चुकलं, ताई.”

तेव्हापासून ती त्याला घरातल्या नळालाही हात लावू देत नाही. भाऊबीजेला ओवाळते, पण ताटावरून नजर वर करत नाही. समुद्राला नळ बसवणारा तो आता खाली मान घालून जेवून जातो. भोक? ते मी गुपचूप मोकळं केलं. नवे मासेही सोडले. लाईट जाते, पाणी जागच्या जागी थांबतं — बघितलं की टाकीवर वरवंटा घालावासा वाटतो.

राग येतो. त्याचा येतो — तिथेच माझं थोबाड का नाही फोडलंस? हसणाऱ्या आळीचा येतो. पण खरा येतो तो या तोंडाचा. दिवसभर बंद होत नाही, बांगड्याची सुरमई करतं, आणि तेव्हा एक वाक्य जमलं नाही? अजून जमत नाही. ती पलीकडच्या खोलीत आहे आणि मी हे तुम्हाला सांगतोय.

त्या दिवशी तो गाडीला किक मारत होता. मी मागोमाग गेलो, आवाज दाबून विचारलं, का नाही बोललास? त्याने वळूनही पाहिलं नाही.

“तिला तुमच्याबरोबर राहायचंय, भावोजी. माझ्याबरोबर न्हाय.”