शहाणं यंत्र आणि दोन वाट्या

माझं मंगळसूत्र अल हैलच्या समुद्रात गेलं त्याचा दोष मी समुद्राला देत नाही, आमच्या वार्षिक सुट्टीला देते. मस्कतमध्ये राहणारी आम्ही माणसं सगळं सुट्टीवर ढकलायचो. दाढ दुखतेय? सुट्टीत काढू. आईला बरं नाही? सुट्टीत जातोच आहोत. मंगळसूत्राचा दोरा विरलाय हेही मला हिवाळ्यापासून दिसत होतं. मस्कतच्या रुवी भागात सोन्याच्या दुकानांची रांग होती, पण काळी पोत आपल्यासारखी गाठवून देणारा मला तिथे कोणी माहीत नव्हता. सुट्टीत पुण्याला गेलो की पटवेकऱ्याकडून गाठवून घेऊ, असं म्हणत मी ते गळ्यात वागवत राहिले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. शुक्रवार होता, म्हणजे सुट्टीचा दिवस. किनाऱ्यावर जिकडेतिकडे ओमानी कुटुंबं चटया टाकून बसली होती, मांस भाजल्याचा धूर सुटला होता. मुलगी लहान होती, तिचा हात धरून मी गुडघाभर पाण्यात उभी होते. एक लाट जरा जोरात आली, मुलीने माझ्या गळ्याला मिठी मारली, आणि लाट गेली तेव्हा माझ्या ओंजळीत पाच-सहा काळे मणी होते. दोन्ही वाट्या गेल्या होत्या. ह्यांनी आणि मी अंधार पडेपर्यंत बोटांनी वाळू उपसली. घरी आल्यावर मी हळकुंड पिवळ्या दोऱ्यात बांधून गळ्यात घातलं आणि मग स्वयंपाकघराचं दार लावून रडले.

त्या दोन वाट्यांबद्दल सांगायला हवं. एक सासरची. सासूबाईंनी नवी करून न आणता आपल्या स्वतःच्या गळ्यातली एक काढून मला दिली होती आणि तिथे स्वतःला नवी घालून घेतली होती. तिच्या कडेला दातांची खूण होती. ह्यांना दात येत होते तेव्हा हे आईच्या कडेवर बसून ती चावायचे. लग्नात सासूबाईंनी ती खूण सगळ्या बायकांना दाखवली होती आणि हे लाजून मांडवाबाहेर गेले होते. दुसरी माहेरची. माझ्या आईने कानातल्या बुगड्या मोडून ती घडवली होती. बुगड्या तिच्या आईच्या. त्यानंतर आईच्या कानांच्या वरच्या पाळीला दोन नुसती भोकं राहिली. मी विचारलं तर म्हणायची, "आता मला कशाला जड जड?"

पुढच्या वर्षी आई गेली. सुट्टीला अजून अवकाश होता. तिकीट, व्हिसा, साहेबांची सही ह्यातून मी घरी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. वहिनीने तिच्या दोन साड्या माझ्या पिशवीत घातल्या. परतीच्या विमानात मला एकच गोष्ट सारखी टोचत होती, की आईने अंगावरून काढून दिलेली एकच वस्तू माझ्याकडे होती आणि ती मी वाळूत टाकून आले होते. ती मला परत हवी होती. हे म्हणाले, "अगं, दुसऱ्या करून घेऊ." मला इतका राग आला की मी आठवडाभर ह्यांच्याशी कामापुरतं बोलले.

मग एक दिवस सुपरमार्केटच्या फळ्यावर चिठ्ठी दिसली. मस्कत सोडून जाणारे गोरे लोक तिथे सोफे, पिंजरे, सायकली विकायला चिठ्ठ्या लावायचे. एका म्हाताऱ्या इंग्रजाला मेटल डिटेक्टर विकायचा होता. मी टॅक्सी करून गेले आणि तो घेऊन आले. एक दांडा, खाली ताटली, वर एकच बटण. पडदा नाही, काटा नाही. म्हाताऱ्याने मला बजावलं की हे यंत्र ओल्या खाऱ्या वाळूत चालतं, पण त्याला धातूधातूतला फरक कळत नाही. आणि जुने किल्ले, थडगी असल्या ठिकाणी ते घेऊन फिरकायचंसुद्धा नाही. मी म्हटलं, मला माझ्याच वाळूत फिरायचंय.

दर शुक्रवारी सकाळी, गर्दी व्हायच्या आत, मी सलवार-कमीज आणि उन्हाची टोपी अशा अवतारात किनाऱ्यावर जायला लागले. यंत्र सगळ्याला एकच आवाज काढायचं. घूं. खिळा, घूं. बाटलीचं झाकण, घूं. मासेमारीच्या जाळ्याचं शिसं, घूं. आणि सगळ्यांत जास्त त्या भाजलेल्या मांसाच्या फॉइलचे कपटे. वाकायचं, खणायचं, चाळणीत वाळू घ्यायची, कपटा काढायचा, पुन्हा वाकायचं. माझी कंबर गेली. मुलगी मोठी होत होती, तिला माझी लाज वाटायला लागली. "आई, प्लीज, माझ्या क्लासमधली गर्ल इथेच राहते," असं म्हणून ती माझ्यापासून दूर चालायची. हे मात्र न चुकता यायचे. थर्मास आणि छत्री घेऊन खजुरीच्या झावळ्यांच्या शेडखाली बसायचे आणि पेपर वाचायचे. यंत्राला कधी हातही लावला नाही. मला वाटायचं, माझ्यावर लक्ष ठेवायला येतात.

तिथे एक ओमानी कोळी होडी ओढून ठेवायचा. एकदा त्याने हिंदीत विचारलं, "मॅडम, हर जुम्मा क्या ढूँढता?"

मी म्हटलं, "सोना. मेरी माँ का."

तो हसला नाही. समुद्राकडे बघून म्हणाला, "इन्शाल्ला, मॅडम. समंदर को सोना क्या करना?"

माझी कंबर बघून भावाला कणव आली. तो तेव्हा दुबईत होता. त्याने मला नवं यंत्र आणून दिलं, आणि मी त्या यंत्राच्या प्रेमातच पडले. वजनाला हलकं, छोटा पडदा, पडद्यावर आकडे, धातूप्रमाणे वेगळे सूर. आणि एक बटण असं, की ते फिरवून यंत्राला सांगता यायचं, अमुक धातू लागला तर बोलू नकोस. मी घरी बसून त्याची परीक्षा घेतली. प्लॅस्टिकच्या टबात वाळू पसरली, त्यात माझी पाटली पुरली, ह्यांची अंगठी पुरली. दोन्हीला यंत्र खणखणीत बोललं. मग फॉइलचे कपटे पुरले आणि ते गप्प होईपर्यंत बटण फिरवलं. एवढं शहाणं यंत्र! जुन्याचं डबडं मी माळ्यावर टाकलं आणि नव्याला मऊ कापडात गुंडाळून कपाटात साड्यांशेजारी ठेवायला लागले. हे म्हणायचे, "मला एवढं जपलं असतंस तर..." मी म्हणायचे, "तुम्हाला गप्प करायचं बटण कुठाय?"

त्या यंत्राने मला इज्जत मिळवून दिली. खालच्या मजल्यावर वसईचं कुटुंब होतं. त्यातल्या बाईची लग्नाची अंगठी पाण्यात पडली आणि मी ती अर्ध्या तासात काढून दिली. तिने माझे हात धरून देवाचे आभार मानले आणि मला केक दिला. दार्सैतहून, सीबहून फोन यायला लागले. कुणाचं ब्रेसलेट, कुणाच्या गाडीची किल्ली. मी यंत्र घेऊन जायचे, शोधून द्यायचे. आता मुलगीसुद्धा मैत्रिणींना सांगायची, माय मदर इज अ ट्रेझर हंटर. फक्त माझी वाटी सापडत नव्हती. पण आता खणावं लागत नव्हतं. मी मैलभर किनारा फिरायचे आणि यंत्र शांत असायचं. त्या शांततेचा अर्थ मी असा लावला होता, की वाट्या इथे नाहीत, पुढे गेल्यात.

ह्या सगळ्यात केव्हातरी सासूबाई गेल्या. मुलीची परीक्षा होती म्हणून हे एकटेच गेले. डोकं भादरून परत आले आणि शनिवारी ऑफिसला गेले. मी विचारलं, बरं वाटतंय ना? म्हणाले, हो. हे मुळात कमीच बोलतात. त्या शुक्रवारीही थर्मास घेऊन किनाऱ्यावर आलेच.

दोन हजार साल उलटून गेलं. इतकी वर्षं मी रुवीतून घेतलेल्या चपट्या पदकाच्या मंगळसूत्रावर काढली होती. एका सुट्टीत नणंदेने हट्टच धरला आणि पुण्यात नव्या वाट्या करून घ्यायला लावल्या. चांगल्या होत्या. पातळ पत्र्याच्या, आतून पोकळ, लाख भरलेल्या, जशा आपल्याकडे असतात तशाच. मस्कतला परत आल्यावर शुक्रवारी मी यंत्र पुसत होते. ताटलीला चिकटलेली वाळू काढायला ओणवी झाले आणि गळ्यातलं मंगळसूत्र थेट ताटलीवर लोंबकळलं. यंत्र चालू होतं. यंत्र गप्प होतं.

मला वाटलं, बॅटरी गेली. कपाटातली पाटली आणून धरली, खणखणीत बोललं. पुन्हा वाट्या धरल्या. गप्प. मी ते बटण, जे मी फॉइल गप्प करायला फिरवून ठेवलं होतं, ते मागे मागे नेलं, आणि शून्याजवळ आल्यावर यंत्र वाट्यांना पहिल्यांदा बोललं. पडद्यावरचा आकडा फॉइलचा होता. इतक्या पातळ सोन्याचा आणि कपट्याचा सूर त्याच्या दृष्टीने एकच. मी परीक्षा घेतली होती ती जाड पाटलीने. म्हणजे इतकी वर्षं मी आईच्या वाटीवरून कितीदातरी गेले असेन, आणि मीच सांगून ठेवलं होतं म्हणून हा शहाणा तोंड शिवून बसला होता. मी यंत्र पलंगावर आपटलं. मग मी आपटले पलंगावर.

हे दारात येऊन उभे राहिले. मी सगळं सांगितलं. हे माळ्यावर चढले आणि ते जुनं डबडं खाली घेऊन आले. त्यावर धूळ नव्हती. आतल्या बॅटऱ्या काढून वेगळ्या डब्यात ठेवलेल्या होत्या आणि पट्टा नवीन लावलेला होता.

मी विचारलं, "हे कुणी केलं?"

"पडून पडून गंजलं असतं," एवढंच म्हणाले.

मग पुन्हा घूं, पुन्हा वाकणं, पुन्हा कपटे. कंबरेला पट्टा बांधून मी खणत होते. पुन्हा पहिल्यापासून, लाट आली तेव्हा जिथे उभी होते तिथून. त्या हिवाळ्यात वाऱ्याने किनाऱ्यावरची बरीच वाळू ओरबाडून नेली होती आणि खालचा शंखशिंपल्यांचा कडक थर उघडा पडला होता. त्या थरात, होडीच्या जागेपासून जवळच, एका सकाळी बारीक घूं झालं. मी कपटा काढायच्या बेतानेच चाळणी हलवली. चाळणीत पिवळं काहीतरी होतं, चेपलेलं, करंगळीच्या पेराएवढं.

वाटीच होती. मी ती पाण्यात धुतली आणि कडेवरून नख फिरवलं. नख अडकलं. दोन बारीक खड्डे, शेजारी शेजारी.

"ही नाही," मी मोठ्याने म्हटलं. खरं सांगते, मला आनंद झाला नाही. मला हवी होती आईची, आणि हातात दुसरीच आली होती. "ही नाही हो, ही नाही," मी म्हणत राहिले, आणि ती ह्यांच्या हातात ठेवली, कपटे ठेवायला द्यायचे तशीच.

ह्यांनी ती अंगठ्याने चाचपली. मग हे ओल्या वाळूत खाली बसले, नुकत्याच धुतलेल्या पांढऱ्या पॅंटसकट. डोकं भादरून आले तेव्हा जे झालं नव्हतं ते आता झालं. ह्यांचा अख्खा देह हलत होता. वाटी ह्यांनी ओठांना लावून धरली होती, दातांना नव्हे, पण जवळच. मी इतकी वर्षं ह्यांच्याबरोबर संसार केला होता आणि ह्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. थर्मास आडवा झाला होता, चहा वाळूत जात होता, तो उचलावा हेही मला सुचलं नाही.

मी शेजारी बसले. "अहो, तुमच्या आईचीही हरवली होती. कधी बोलला का नाहीत?"

ह्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, "तू शोधत होतीसच की."

ह्यांनी वाटी रुमालात बांधली, रुमाल शर्टाच्या खिशात घातला, खिशाचं बटण लावलं. उठून उभे राहिले. मग माझ्या हातातलं ते डबडं स्वतःच्या हातात घेतलं, किनाऱ्यावर पहिल्यांदाच, आणि ताटली वाळूवर टेकवत म्हणाले,

"सरक. आता तुझ्या आईची."