झऱ्याच्या वळणाचा मैलकुली

अठराव्या किलोमीटरच्या दगडापासून चोविसाव्यापर्यंतचा रस्ता गांदोल्फो स्किरोचा. कागदावर तो सरकारचा, पण आमच्या पेत्राफिनो गावात कुणाची कंबर खड्ड्यात लचकली की शिव्या गांदोल्फोलाच पडायच्या. तो मैलकुली होता. रस्त्याकडेच्या लाल सरकारी खोलीत राहायचा, गटारं उपसायचा, दरडी बाजूला करायचा, खड्डे बुजवायचा. लग्न केलं नाही. त्याचं रस्त्याशीच लागलंय, असं आम्ही चिडवायचो, आणि तोही हसायचा. एकाहत्तर सालापर्यंत हसायचा.

त्या काळी मे महिन्यात आमच्या डोंगरातून मोटारींची शर्यत जायची. तिच्यासाठी वेगळा रस्ता नव्हता. एरवी ज्यावरून मेंढरं जातात, त्याच रस्त्यावर जगभरातले लोक जीव खाऊन गाड्या हाकायचे. शाळा बंद, कुत्री बांधलेली, गाढवं गोठ्यात. बायका सज्जात आणि आम्ही पुरुष भिंतीवर पाय सोडून, मांडीवर कोवळ्या शेंगा, चीज आणि वाइनची बाटली. एकेक गाडी अंतराने सुटायची आणि त्याच रस्त्यावर फेऱ्या मारायची. आधी दरीपलीकडून नुसता आवाज यायचा आणि आवाजावरून गाडी कोणती ते सांगण्याची पैज लागायची. माझे वडील न्हावी, मीही न्हावी. आमच्या दुकानात वर्षभर दुसरा विषय नसायचा.

मोठे नामांकित चालक होतेच, पण आमचा जीव आपल्या माणसात अडकलेला असायचा. डोंगराखालच्या तेर्मिनी गावचा रुज्जेरो अल्फोन्झेत्ती. त्याचं औषधांचं दुकान होतं, म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणायचे. दर रविवारी दुकान बंद करून तो आपली छोटी लाल गाडी घेऊन डोंगरात यायचा आणि एकच वळण दहा-दहा वेळा घ्यायचा. चोविसाव्या किलोमीटरच्या अलीकडे, झऱ्यापाशी, रस्ता एकदम डावीकडे मुरडतो आणि उजवीकडे खोल दरी आहे. त्या वळणाची त्याला धास्ती होती. तिथे तो गाडी थांबवायचा, झऱ्याचं पाणी प्यायचा आणि गांदोल्फोला रस्त्याची हालहवाल विचारायचा. हे दोघे घटका-घटका बोलत बसायचे. मैलकुल्याशी कोण एवढं बोलतं?

झऱ्याचं पाणी रस्त्याखालून झिरपायचं, त्यामुळे तिथलं डांबर दर हिवाळ्यात खचायचं. त्या वर्षी तर हातभर रुंद खड्डा पडला. गांदोल्फोने खात्याला दोनदा लिहिलं. गरम डांबराची गाडी गुरुवारी येईल असं उत्तर आलं, ती आलीच नाही. वरच्या साहेबाने निरोप धाडला, काहीतरी करून बुजव. शुक्रवारी त्याने खडी भरली, पिंपात जुनं डांबर वितळवून ओतलं आणि अंधार पडेपर्यंत धुम्मस मारून ते ठोकून बसवलं. वरून पाहिलं तर काम चांगलं दिसत होतं. आत ओल होती, आणि ते फक्त त्याला ठाऊक होतं.

शनिवारी संध्याकाळी रुज्जेरो आला. गाडीतून न उतरताच त्याने विचारलं, "गांदोल्फो, वळण कसं आहे?"

गांदोल्फो म्हणाला, "ठीक आहे, डॉक्टर. बिनधास्त या."

रविवारी, शर्यतीच्या दिवशी, ऊन कडक होतं. चौथ्या फेरीला ते ठिगळ उखडू लागलं. मी भिंतीवर होतो, पण माझं लक्ष दरीपलीकडे. गांदोल्फो खराटा घेऊन खाली कडेला उभा होता. त्याला रस्त्यावर पसरलेली खडी दिसली. निशाणवाला वर शंभर पावलांवर होता. त्याला जाऊन सांगितलं असतं, तर त्याने पिवळं निशाण दाखवलं असतं आणि गाड्या हळू झाल्या असत्या. पुढची गाडी यायला दोन मिनिटं होती. पण भिंतीवर अख्खा गाव बसलेला. त्याचं काम उखडलं, हे त्याच्याच तोंडून सगळ्यांना कळणार होतं. एवढी एक गाडी जाऊ दे, मग झाडून घेऊ, असं त्याच्या मनात आलं, हे त्यानेच मला फार नंतर सांगितलं.

ती गाडी रुज्जेरोची होती.

कठडा फुटल्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. त्यानंतर मात्र दरीतून काहीच ऐकू आलं नाही. आम्ही सगळे दरीत धावलो. वर गांदोल्फो एकटा उरला आणि त्याने रस्ता झाडला. खडी झऱ्याच्या गटारात लोटली आणि ठिगळावर माती ओढली. चौकशीवाले आले तेव्हा रस्ता स्वच्छ होता. कारण लिहिलं गेलं: चालकाचा अतिवेग.

तेर्मिनीत लोक बोलायला मोकळे झाले. औषधवाल्याला शर्यत कशाला हवी होती? कुणी म्हणालं, प्यायलेला असणार. त्याची म्हातारी आई वर्तमानपत्राला पत्रं धाडायची, माझा मुलगा त्या वळणावर कधीच घाई करत नसे म्हणून. पहिलं छापलं. नंतरची छापली नाहीत, तरी ती धाडतच राहिली. तिला मरायला एकवीस वर्षं लागली.

पुढे काही वर्षांनी शर्यतही बंद पडली. रस्ता मेंढरांचा झाला आणि माझ्या दुकानाच्या भिंती फोटोंनी भरल्या. आम्ही शर्यतीच्या आठवणींसाठी मंडळ काढलं, वर्षाला त्याचा एक अंक छापू लागलो. जर्मनीहून, मिलानहून पांढऱ्या केसांची माणसं जुन्या गाड्या घेऊन येऊ लागली. ती खुर्चीत बसायची, डोळे मिटायची आणि सांगायची, त्या वेळचा आवाज, त्या वेळचा वास, तेव्हाची माणसंच वेगळी. आम्हीही माना डोलवायचो. आमची सगळ्यांची तरुणाई त्या रस्त्यावर सांडली होती. गांदोल्फो निवृत्त झाला तरी त्याच लाल खोलीत राहिला. पाहुणे त्याला जुन्या शर्यतीचा शेवटचा माणूस म्हणायचे, त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढायचे. तो काही बोलायचा नाही. म्हातारा लाजाळू आहे, असं आम्ही सांगायचो.

दोन हजार चौदात मंडळाने वळणावर संगमरवरी पाटी बसवायचं ठरवलं. मजकूर अध्यक्षांनी, म्हणजे आमच्या वकीलसाहेबांनी लिहिला: 'ज्याला भीती ठाऊक नव्हती, त्या रुज्जेरोला.' पाटीवरचं कापड गांदोल्फोने, आता सगळ्यांच्या गांदोल्फोकाकांनीच ओढावं, असा माझा आग्रह होता.

त्यांनी कापड ओढलं, पाटी वाचली. मग वळून म्हणाले, "डॉक्टर वेगात नव्हते. रस्ता खराब होता. मला माहीत होतं, आणि मी त्यांना बिनधास्त या म्हणालो. नंतर मी रस्ता झाडला." एवढंच बोलले. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, टोपी हातात.

मग मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्यांनीच वाजवल्या. वकीलसाहेबांनी त्यांना मिठी मारली. इतकी वर्षं स्वतःला दोष देत बसले बिचारे, असं एक मिलानवाला रुमालाने डोळे पुसत म्हणाला. मग शेंगा आणि चीज आलं. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.

काकांनी आठवडाभर वाट पाहिली. कुणी काही विचारायला आलं नाही, तेव्हा ते बस पकडून तेर्मिनीला गेले. रुज्जेरोची धाकटी बहीण निन्फाबाई तिथे एकटी राहते. आयुष्यभर शाळेत शिकवलं तिने. तिने काकांना बसवलं, सगळं ऐकून घेतलं. पाणीही विचारलं नाही, हे काकांनीच मला नंतर दाढी करताना सांगितलं.

ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "आई एकवीस वर्षं हेच लिहीत होती. तेव्हा तुम्ही कुठे होता?"

काका म्हणाले, "चोविसाव्या किलोमीटरवर."

तिने कागद-पेन पुढे केलं. काकांनी सगळं लिहून दिलं. अक्षर वाईट आहे म्हणून माफी मागितली, तर ती म्हणाली की माफी मागायचीच असेल तर अक्षराची नको.

तो कागद घेऊन ती माझ्या दुकानात, मंडळाच्या बैठकीत आली. अंकात छापा म्हणाली आणि पाटी बदला म्हणाली. वकीलसाहेब गोड बोलले. बाई, तुमचा भाऊ आमच्यासाठी सिंह होता, त्या आठवणीला कशाला डाग लावायचा? आणि मैलकुली तर बोलूनचालून म्हातारा झालाय.

"माझा भाऊ भित्रा होता," निन्फाबाई म्हणाली. "भित्रा होता म्हणूनच आदल्या दिवशी विचारायला गेला. तुम्हाला सिंह हवा असेल तर दुसरा शोधा."

ती गेल्यावर मतं घेतली. छापू नये म्हणून सात हात वर झाले. त्यातला एक माझा. भिंतीवरचे फोटो बघत मी हात वर केला, तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघवेना.

सप्टेंबरात काकांनी पहारीने पाटी उचकटली आणि दरीत टाकली. मंडळाने तक्रार केली. पोलीस ठाण्यात काका आनंदाने गेले, अगदी धुतलेला सदरा घालून, कारण आता तरी सगळं सरकारी कागदावर येईल असं त्यांना वाटलं. फौजदाराने पाटीपुरतंच लिहून घेतलं. बाकीचं त्रेचाळीस वर्षांपूर्वीचं आहे, काका, ते आता कुठल्याच रकान्यात बसत नाही, असं तो म्हणाला. माणूस वाईट नव्हता. त्याने त्यांना घरापर्यंत सोडलंही. नवी पाटी बसली, मजकूर तोच, बोल्ट मात्र लांब.

फेब्रुवारीत काका गेले. सरकारी खोलीत दोन दिवसांनी सापडले. अंत्ययात्रेत मंडळाचा झेंडा शवपेटीवर घालायचा का, यावर वाद झाला, शेवटी घातला. निन्फाबाई चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसली होती. प्रार्थना संपल्यावर ती उठून सरळ माझ्याकडे आली.

मी म्हणालो, "बाई, तुम्ही आलात, काकांच्या आत्म्याला शांती मिळेल."

"त्यांच्यासाठी नाही आले. त्यांनी लिहिलेल्या कागदावर साक्षीदार नाही. पाटीपाशी ते बोलले तेव्हा तुम्ही तिथे होता ना?"

"होतो."

"ऐकलं होतं?"

"ऐकलं होतं."

तिने पर्समधून कागद काढला, पेन काढलं. चर्चच्या पायरीवर वकीलसाहेब उभे होते, आमच्याकडेच बघत होते. कागद कशावर ठेवावा ते मला कळेना. शेवटी तिने पाठमोरी होऊन आपली पाठ पुढे केली. त्या हडकुळ्या पाठीवर कागद ठेवून मी नाव लिहिलं, तारीख घातली. तिने कागदाची घडी घातली, बस चुकेल म्हणाली, आणि चौकाच्या दिशेने निघून गेली.