अंगठ्यानं विचार करणारे साडू

माणूस डोक्यानं विचार करतो, असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. माझ्या थोरल्या साडूंना जवळून पाहिलं आणि ते शिक्षण वाया गेलं. आमचे साडू विचार करतात तो उजव्या हाताच्या अंगठ्यानं. मोबाइलवरच्या माइकच्या चित्रावर अंगठा दाबला की त्यांचं डोकं सुरू होतं, अंगठा उचलला की बंद पडतं. केजजवळच्या युसूफ वडगाव या गावच्या शिवारात थोडी जमीन, शेळ्यांचा कळप आणि दोन म्हशी एवढा त्यांचा पसारा. पण बोकड विकायचा की ठेवायचा, एवढी साधी गोष्टसुद्धा त्यांनी गप्प बसून ठरवल्याचं हा फोन आल्यापासून कुणी पाहिलेलं नाही.

सुरुवातीला हे विचार नातेवाइकांच्या मोठ्या ग्रुपवर पडत. रेडकाचं पोट बिघडलंय की त्याला नजर लागलीय, यावरचं चिंतन पार पुण्यापर्यंतच्या सोयऱ्यांना चहाबरोबर ऐकावं लागे. शेवटी लोकांनी तक्रारी केल्या आणि साडूंच्या लेकीनं त्यांना एक वेगळा ग्रुप काढून दिला. त्यात ती आणि तिची आई अशा दोघी होत्या. आई लगेच बाहेर पडली, काही दिवसांनी लेकही पडली, आणि साडू एकटे उरले. त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही, उलट सोय झाली. आता त्या ग्रुपात तेच बोलतात, तेच ऐकतात आणि तेच उत्तर देतात. लिंबाखाली बाजेवर बसून एक मुद्दा मांडायचा, मग फोन कानाला लावून, मान तिरकी करून तो परक्या माणसाचा असल्यासारखा ऐकायचा आणि म्हणायचं, "तुमचं म्हणणं बरोबर हाय. पण बाजार पडलाय, हे तुमी धरलं न्हाई." स्वतःला ते तुमी म्हणतात, फार बिनसलं तर 'बे'वर येतात. एकदा मी गेलो तर चेहरा रागानं लाल. कुणाशी भांडलात, म्हणून विचारलं तर म्हणाले, "सकाळच्या गड्यासंगं. लई उतावळा हाय त्यो. दुसऱ्याचं ऐकूनच घेत न्हाई." सकाळचा गडी म्हणजे सकाळी बोललेले ते स्वतःच.

त्यांच्या शेताच्या खालच्या अंगाला रेंज नाही. तिथं ते विचार करत नाहीत. काही सुचलंच तर शेळ्या आहेत तिथं सोडून बांधावर चढतात. मी म्हटलं, "भाऊ, बोलून ठेवायला रेंज कशाला पाहिजे? नंतर जाईल की ते." त्यावर त्यांनी माझ्याकडं दयेनं पाहिलं. "टिक आल्याबिगर इचार पक्का व्हत न्हाई, पाव्हणं. तवर त्यो कच्चाच." त्या टिकपायी एकदा शेळ्यांनी शेजाऱ्याची कोवळी तूर साफ केली आणि साडूंना दोन दिवस त्याच्या दारात जाऊन बसावं लागलं. तिथंही भरपाईच्या बोलण्यात ते मधूनच उठून अंगणात जात आणि स्वतःचा सल्ला घेऊन येत.

पण साडू पूर्वी असे नव्हते, हे मला मुद्दाम सांगायला हवं. बटणांचा फोन होता त्या काळात ते मिस्ड कॉलवर जगत. एक रिंग म्हणजे केजला पोचलो, दोन म्हणजे जीप मिळाली, तीन म्हणजे भाकरी टाका. एकदा मी नवखेपणानं फोन उचलला तर पलीकडून गर्जना झाली, "उचललं कशाला?" त्या दिवसांत त्यांचे विचारही तसेच असायचे. होय किंवा न्हाई. पोरीला शाळेत घालायचं का? होय. म्हैस विकायची का? न्हाई. मधलं काही नसायचंच. हा नवा फोन हाती आला आणि साडूंच्या आयुष्यात 'पण' हा शब्द शिरला. आपल्याला वाटतं आपण फोन वापरतो. मला आता खात्रीच झालीय की फोन आधी माणसाचं डोकं आपल्या मापाचं करून घेतो आणि मगच वाजतो. साडूंच्या डोक्यात एक खोली होती तिथं त्यानं दोन केल्या आणि मध्ये दार ठेवलं.

या 'पण'नं खरी परीक्षा घेतली ती लेकीच्या लग्नात. परळीचं स्थळ मीच आणलं होतं. मुलगा चांगला, बापाचं हार्डवेअरचं दुकान. पोरीला मुलगा पसंत होता आणि ते तिनं मावशीला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगूनही टाकलं होतं. फक्त साडूंचा होकार यायचा होता. परळीकरांनी मोठ्या हौसेनं दोन्ही घरांचा एक ग्रुप काढला, त्यात मलाही घेतलं, आणि साडू रोज म्हणत, "इचार चालू हाय." आठवडे लोटले. परळीहून मला फोन येऊ लागले, आवाज कोरडा होत चालला. पोरगी माझ्या बायकोला म्हणाली, "मावशी, बाबांचं काही ठरंना. ते लोक दुसरीकडं बघतील."

साडूंना अक्षरं वाचायचा कंटाळा. आपला ग्रुप म्हणजे यादीतला सगळ्यात वरचा, एवढी त्यांची ओळख. त्या दिवशी परळीच्या व्याह्यांनी सकाळी सकाळी गुलाबाचं फूल पाठवलं आणि त्यांचा ग्रुप वर जाऊन बसला. साडूंनी अंगठा दाबला. मी केजच्या स्टँडवर चहा पीत होतो, फोन वाजायला लागला आणि थांबेचना. एकामागून एक साडूंचेच आवाज.

"पोरगं बरं हाय. पण त्याची आई लई बोलती. कान किटत्यात."

"बोलती तर बोलू द्या. आपल्या घरात पोरीसंगं बोलतंय कोण? तुमी तर फोनसंगं बोलता."

"परळीला थर्मलची राख लई उडती. वाळत घातलेली कापडं करडी व्हत्यात."

"राख धुता येती. उगं कारणं सांगू नको बे."

शेवटचा आवाज बारीक होता. "खरं सांगा की. पोरगं बी चांगलं हाय, घर बी चांगलं हाय. तुमालाच पोरगी जाऊ द्यायची न्हाई. ती गेल्यावर ह्या घरात तुमचं ऐकणारं कोन हाय?"

माझा चहा तसाच राहिला. मी फोन करून ओरडलोच, "भाऊ, कुठं टाकलं हे?" त्यांनी घाईघाईनं सगळं पुसलं आणि समाधानानं म्हणाले, "काढलं बगा. आता काई न्हाई." काढलं होतं ते फक्त स्वतःच्या फोनमधून. बाकी सगळ्यांकडं ते जसंच्या तसं होतं, आणि ऐकल्याच्या खुणा एकेक करून उमटत होत्या. मी मिळेल ती जीप धरून वडगाव गाठलं. साडू बाजेवर बसले होते. सगळं कळल्यावर आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातात फोन होता आणि अंगठा हलत नव्हता. लेकीनं आईच्या फोनवर सगळं ऐकलेलं होतं. ती चहा घेऊन आली, कप त्यांच्या हातात दिला आणि तिथंच टेकली.

दुपारी परळीहून उत्तर आलं. मुलाच्या आईचं, आणि खरंच लांबलचक. ते मी माझ्या फोनवर लावलं. "व्याही, मी लई बोलती हे खरं हाय, त्याचा राग न्हाई. आमच्या बापानं मला देताना नुसतं 'बरं' म्हनलं आणि सुपारी फोडली. त्येंच्या मनात काय व्हतं, ते मला कळलंच न्हाई, आता ते बी न्हाईत. तुमच्या पोरीला कळलं. आमी थांबतो. आनखी इचार करायचा आसंल तर करा, पन ह्याच गुरुपात करा. आमी ऐकतो."

साडूंनी माझा फोन हातात घेतला, अंगठा दाबला, आणि "होय" म्हणून सोडून दिला. त्यात 'पण' नव्हता.

लग्न झालं, पोरगी परळीला गेली. परवा वडगावला गेलो तर साडू लिंबाखाली गप्प बसलेले. मी विचारलं, "काय भाऊ, आज विचार बंद?" म्हणाले, "चालू हाय. अर्धा करून पोरीकडं पाठवलाय. ती कामं आटपून सांजच्याला ऐकती. सासू आन् ती, दोघी मिळून ऐकत्यात, मागं हसू ऐकायला येतं त्येंचं."

"आणि तोवर? स्वतःच उत्तर द्यायचं की, नेहमीसारखं."

त्यांनी फोन पालथा करून बाजेवर ठेवला. "देऊन बघितलं. माझंच मला पटंना. तिचा आवाज आल्याबिगर आता फुडचं सुचत न्हाई, पाव्हणं." मग मी पण त्यांच्याजवळ बसलो. सांज व्हायला अजून बराच वेळ होता.