झाकणाच्या आतली पट्टी

मोबाइलवर मिलिंदचं नाव दिसलं, म्हणून फोन उचलताक्षणीच मी म्हणालो, "बोल रे, तुझा पेशंट ठणठणीत आहे." पेशंट म्हणजे आमचा कॉम्प्युटर. दोनच दिवसांपूर्वी मिलिंद तो दुरुस्त करून गेला होता. पलीकडे त्याची बायको, सुजातावहिनी होत्या. म्हणाल्या, "भावोजी, हे गेले... पहाटे, झोपेतच." माझं ते पहिलं वाक्य त्यांच्या कानांवर पडलं, याची लाज दीड महिन्यानंतरही जात नाही.

विक्रोळीच्या चाळीत आम्ही एकाच भिंतीच्या दोन बाजूंना वाढलो. मिलिंद पुढे कारखान्यात मेंटेनन्सला लागला आणि चाळिशीत खातंच बंद झाल्यावर कॉम्प्युटर दुरुस्ती शिकला. घाटकोपरला त्याचा गाळा होता, दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्याने रस्त्यावर थांबायचं. लाइट लागतोय, पंखा फिरतोय, पण स्क्रीन काळी, हे त्याचं लाडकं दुखणं. बाकीचे 'मदरबोर्ड गेला' म्हणून हात झटकत. हा आधी स्क्रीनची वायर बघायचा, मग मशीन उघडून रॅमची पट्टी काढायचा, तिची सोनेरी कड शाळेतल्या खोडरबराने हळूहळू घासायचा आणि 'कट्' आवाज येईपर्यंत परत दाबून बसवायचा. एका वेळी एकच गोष्ट हलवायची, दोन हलवल्या तर चोर सापडत नाही, असं त्याचं म्हणणं. काम झालं की झाकणाच्या आत चिकटवलेल्या कागदाच्या पट्टीवर तो पेन्सिलने काय केलं ते लिहायचा. नेहमीपेक्षा वेळ लागला असेल तर का लागला, तेही लिहायचा, मग चूक स्वतःची का असेना. ही कारखान्यातल्या लॉगबुकची सवय. मी चिडवायचो, की हे वाचणार कोण? "पुढचा माणूस," तो म्हणायचा. बस, एवढंच.

त्या रविवारी आमच्याकडे मुलुंडला कॉम्प्युटरची स्क्रीन काळी झाली. केतकीचा, माझ्या मुलीचा, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट त्यात अडकला होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो द्यायचा होता. मी मिलिंदला फोन केला. तो म्हणाला, उद्या पहाटे येऊ का, आज जरा बरं वाटत नाहीये. मी म्हणालो, "नाटकं नको करूस यार, आजच ये. पोरीची वाट लागेल." ...हे मी म्हणालो. तसंच्या तसं लिहिलं आहे.

आमची लिफ्ट बंद होती. चार मजले चढून तो दारात आला तेव्हा शर्ट घामाने ओला होता. मी पोटावरून त्याची थट्टा केली. पित्त झालंय म्हणाला, तर माझ्या बायकोने त्याला पित्ताची गोळी दिली. तो खाली बसून काम करू लागला. नेहमी दहा मिनिटांत होणाऱ्या कामाला त्या दिवशी पाऊण तास लागला, मधूनच तो डावा खांदा चोळत होता. ते मला दिसत होतं. मग एकदम स्क्रीन उजळली, केतकीने टाळ्या वाजवल्या आणि आम्ही तिघंही स्क्रीनकडे बघत राहिलो. मिलिंदकडे कोणीच बघितलं नाही. त्याने पट्टीवर काहीतरी लिहिलं, झाकण लावलं आणि चहा न घेताच गेला.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे मिलिंदला आदरांजली वाहण्याच्या दिवशी वहिनींनी मला बाजूला बोलावून विचारलं, की त्या दिवशी तुमच्याकडे यांना काही त्रास झाला होता का? मी म्हणालो, नाही, चांगला हसतखेळत होता. इतकं सहज खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो.

गेल्या आठवड्यात कॉम्प्युटरची स्क्रीन परत काळी झाली. मिलिंदचा खोडरबर टेबलावरच राहिला होता, एका बाजूने झिजलेला. म्हटलं, आपणच बघू. स्क्रू काढले, झाकण उलटं केलं. पट्टीवर शेवटच्या ओळी होत्या : 'रॅम पुसली. वेळ जास्त लागला. तिसऱ्या जिन्यावर बसलो. डावा हात जड, पकड सुटत होती.'

कॉम्प्युटर तसाच टाकून मी ते पत्र्याचं झाकण वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि रिक्षाने विक्रोळीला मिलिंदचं घर गाठलं. वहिनींनी चष्मा लावून त्या चार ओळी वाचल्या, दोनदा. "मी विचारलं तर म्हणाले काही नाही," त्या म्हणाल्या, "आणि पत्र्याला सगळं सांगितलं." मग मी सांगून टाकलं. तो उद्या येतो म्हणत होता, मीच आज बोलावलं. मान वर करायची हिंमत नव्हती.

"माहीत आहे," वहिनी म्हणाल्या. "फोन स्पीकरवर होता. मी भाकऱ्या करत होते. तुम्ही स्वतः कधी सांगताय, त्याची वाट बघत होते."

त्यांनी झाकण मागून घेतलं. ते आता त्यांच्या कपाटावर, मिलिंदच्या फोटोशेजारी उभं आहे. आमचा कॉम्प्युटर मी रॅम पुसून चालू केला. तो उघडाच चालतो, आतला पंखा फिरताना दिसतो. केतकी म्हणाली, बाबा, नवीन झाकण मिळतं बाजारात. मी नको म्हणालो.