रुग्णगाडीच्या बायकांचं पदक

व्हर्लीन टॅगर्टला 'बस गं जरा खाली' असं मी किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे. ती बसत नाही. शाळेची बस चालवण्यात अर्धं आयुष्य बसून गेलं, म्हणून निवृत्त झाल्यापासून बाई नुसती चालते. आणि चालते कुठे, तर वॉशिंग्टनात खासदारांच्या कचेऱ्यांमधून. ते लांबलचक संगमरवरी बोळ तिने वर्षानुवर्षं तुडवले, आणि तिच्यापायी मीही तुडवले. कारण गाडी माझी, आणि बाईसाहेबांना शहरात गाडी चालवायला नको. बस चालवणारी बाई ही! विचारलं तर म्हणते, "रनेटा, मागे मुलांचा दंगा नसला की माझं लक्षच लागत नाही."

हा सगळा खटाटोप इर्मा मावशीसाठी. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांना घेऊन रुग्णगाड्या, म्हणजे रुळांवरची इस्पितळंच, देशभर धावायच्या. त्यांत आमच्या काळ्या बायका राबायच्या. जखमा धुतल्या, शौचाची भांडी उचलली, मरणाऱ्यांचे हात धरून बसल्या. युद्ध संपलं आणि बायकांना घरी पाठवलं. ना निवृत्तिवेतन, ना शाबासकी. त्यांतली शेवटची जिवंत म्हणजे व्हर्लीनची इर्मा मावशी, शंभरीला टेकलेली. तिच्या डोळ्यांदेखत त्या बायकांना संसदेचं सुवर्णपदक मिळावं, एवढाच व्हर्लीनचा ध्यास.

पण पदकासाठी कायदा करावा लागतो. सभागृहातल्या दोन-तृतीयांश खासदारांनी आधी पाठिंब्याची सही दिल्याशिवाय त्या विधेयकाकडे कुणी ढुंकून बघत नाही. आणि संसदेची मुदत संपली की सगळ्या सह्या मातीमोल. नवी संसद, पुन्हा श्रीगणेशा. एकदा आमचं तसं झालंही होतं. तेव्हा व्हर्लीन माझ्या गाडीत ढसाढसा रडली होती.

या खेपेला मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला, तरी थोड्या सह्या कमीच होत्या. संध्याकाळी सभागृहाची शेवटची बैठक. उरलेल्या सह्या एकाच खासदाराच्या मुठीत होत्या. तो म्हणेल तिथे त्याचे दोस्त सही करणार. त्याचा सचिव व्हिटकॉम, एक नंबरचा गोडबोल्या, आम्हाला खुर्च्या देऊन म्हणाला, "अभिनंदन, मॅडम. साहेब तयार आहेत. फक्त विधेयकात एक ओळ घालायची. 'डॉक्टर ऑल्डस प्रेंटिस यांच्या नेतृत्वाखाली सेवा केलेल्या महिला.' डॉक्टर आमच्या गावचे. पदकावर एका बाजूला त्यांचा चेहरा, दुसऱ्या बाजूला रुग्णगाडी."

"आणि बायका?" व्हर्लीनने विचारलं.

"खिडकीत दिसतील ना!"

विधेयक मांडणाऱ्या आमच्या खासदार बाईंना तिथूनच फोन लावला. त्या म्हणाल्या, "व्हर्लीन, मावशींना चालत असेल तर मला चालेल. पण तासाभरात सांग."

आम्ही बोळात आलो. मी तिचा दंडच धरला. "हो म्हण. हे बघ, मावशी पुढची संसद बघणार नाही. तुलाही माहितीये, मलाही माहितीये. लोकांनी पदक बघितल्याशी मतलब. कोण वाचत बसतंय त्यावरचं?"

"मावशी वाचेल."

"मग तिला सांगूच नको!"

व्हर्लीनने माझ्याकडे असं बघितलं, की मी दंड सोडला. तिने मावशीला फोन लावला. मावशीला कमी ऐकू येतं, त्यामुळे व्हर्लीनला तो सगळा प्रकार भर बोळात ओरडून सांगावा लागला. येणारे-जाणारे वळून बघत होते. फोनमधून मावशीचा आवाज मलाही स्वच्छ ऐकू आला.

"प्रेंटिस? तो गाडीत आम्हा सगळ्यांना मेरी म्हणायचा. ए मेरी, पाणी आण. ए मेरी, ही चादर उचल. मी त्याला माझं नाव सांगितलं, तर म्हणाला, एवढी नावं कोण लक्षात ठेवणार! त्या कायद्यात आमची नावं आहेत?"

"नाहीत, मावशी. फक्त त्याचं."

"म्हणजे पुन्हा मेरीच की!"

"मावशी, आज नाही म्हटलं तर..."

"मला कळतंय गं, आज नाही म्हटलं तर काय ते. मी म्हातारी झालेय, खुळी नाही. त्याचं नाव घालायचं तर क्लियोटाचं घाल, ओझेलाचं घाल, फेरोलचं घाल. नाहीतर राहू दे."

व्हर्लीन तडक आत गेली. "सगळी नावं घाला, नाहीतर त्यांचं काढा," ती व्हिटकॉमला म्हणाली. तो हसला, त्याने घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाला, "आता शक्य नाही, मॅडम. हातात आलेलं घालवताय तुम्ही."

"घालवतेय," व्हर्लीन म्हणाली.

संध्याकाळी सभागृह उठलं आणि आमचं विधेयक मेलं. परतताना मी तिच्याशी एक अक्षर बोलले नाही. इतका राग आला होता मला, त्या दोघींचाही! मी असते तर हो म्हटलं असतं. आजही म्हणेन.

फेब्रुवारीत मावशी गेली. चर्चमध्ये मी पहिल्या ओळीत बसले आणि मनातल्या मनात तिच्याशी भांडले. पुढच्याच आठवड्यात सकाळी व्हर्लीनचा फोन. "गाडी काढतेस ना?"

"आता कुणासाठी गं, बये?"

म्हटलं खरं, पण मी गाडी काढली.

त्याच बोळात, पहिल्याच दारात, टेबलामागच्या मुलीने विचारलं, "पदक कुणासाठी मागताय?" पूर्वी व्हर्लीन 'रुग्णगाडीच्या महिलांसाठी' म्हणायची. त्या दिवशी ताठ उभी राहून ती नावं घेऊ लागली. "क्लियोटा मिम्स. ओझेला रँकिन. फेरोल बूथ." आणि पुढे आवाजच फुटेना. ती मुलगी बिचारी गोंधळून माझ्याकडे बघायला लागली.

"इर्मा डेल हॅथॉर्न," मी म्हटलं.

"थांबा हं," मुलीने पेन उचललं. "पुन्हा सांगा, लिहून घेते."

"लिही बाई," मी म्हटलं. "सगळ्यांची लिही."